आमची पातळ-घट्ट

घरी कोणी पाहुणा आला की आमचे अप्पा माझी ओळख एका ठरलेल्या वाक्यानं करून देतात. "लोकांच्या पोरी डॉक्टर झाल्या, वकील झाल्या. आमची पातळ-घट्ट झाली." पाहुणा हसतो, अप्पा त्याच्याहून मोठ्यानं हसतात आणि मी पाहुण्याचा चहा अव्वावर, म्हणजे आईवर, सोडून आत निघून जाते.

वाक्यात खोटं काही नाही, हीच तर चीड आहे. मी रिऑलॉजीवाली. एखादी वस्तू दाबली, ढवळली, ओतली तर ती कशी वागते, कुठे पसरते, कुठे अडून बसते, ते मोजायचं हे शास्त्र. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात माझी प्रयोगशाळा आहे. भिंतीच्या रंगाकडून लोकांच्या अपेक्षा दोनच असतात. ब्रश फिरत असताना रंग पळाला पाहिजे आणि ब्रश उचलला की जागच्या जागी थांबला पाहिजे. पळाला नाही तर रंगारी शिव्या देतो, थांबला नाही तर भिंतीवर ओघळ येतात आणि घरमालक शिव्या देतो. पळणं आणि थांबणं एकाच डब्यात भरायचं, याचा मला पगार मिळतो. अप्पांना यात शास्त्र कसलं ते कधीच कळलं नाही. "पिठलं करणारी परत्येक बाई ह्येच करती की," असं त्यांचं मत आहे.

अप्पांचं, म्हणजे चनबसप्पांचं, मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान होतं. आयुष्य धान्यात गेलं आणि बोलण्यात गेलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून हात सावरला, पाय धरून चालवण्यापुरता सावरला. बोलणं तर सगळ्यात आधी परत आलं, त्याचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही. परत आलं नाही ते गिळणं.

सात रस्त्याजवळ इंद्रायणी मॅडमचं क्लिनिक आहे. झटक्यानंतर ज्यांचं गिळणं बिघडतं, त्यांना त्या पुन्हा गिळायला शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी अप्पांना नीट समजावून सांगितलं.

"काका, घशात दोन वाटा असतात. एक पोटाकडे, एक फुप्फुसाकडे. आपण गिळतो तेव्हा फुप्फुसाच्या वाटेवर झाकण पडतं. तुमचं झाकण आता उशिरा पडतंय. पाणी फार घाईचं असतं, झाकण पडायच्या आत ते नको तिकडे शिरतं. घट्ट पदार्थ सावकाश येतो, तोवर झाकण पडून जातं."

"म्हंजे फाटक पडायच्या आत रिक्षा घुसती," अप्पा म्हणाले.

"अगदी तसंच. म्हणून साधं पाणी, चहा, ताक, आमटी, पातळ असं काहीही द्यायचं नाही. जेवल्यावर खोकला आला, किंवा आवाज ओला-ओला घोगरा झाला, तर समजायचं रिक्षा घुसली."

दवाखान्यात असताना एकदा ती घुसली होतीच. छातीत न्यूमोनिया झाला आणि आम्ही सगळेच हबकलो. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, छाती पुन्हा भरली तर तोंडानं खाणं बंद, पोटात नळी घालायची. महिनाअखेरीला एक्स-रे काढून ते ठरणार होतं.

"नळीनं जेवायचं?" अप्पा घरी येताना रिक्षात म्हणाले. "मग सिद्धेश्वरानं जीभ कशाला दिली? नुसतं बोलायला व्हय?"

"तुमाला तर तेवढ्यासाटीच दिली," अव्वा म्हणाली.

मला मात्र नळीची भीती वाटत होती, खरंच सांगते. नळीनं माणसं जगतात, चांगली जगतात, हे मला माहीत होतं. पण अप्पांना ताटावरून उठवलं तर मागे अप्पा किती उरतील, ते कळत नव्हतं. या माणसाचा निम्मा आनंद खाण्यात होता आणि उरलेला निम्मा काय खाल्लं ते सांगण्यात.

पातळ गोष्टी घट्ट करायची तयार पावडर मिळते. ती पाण्यात घालून दिली तर अप्पांनी एक घोट घेतला आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. "ह्ये प्यायचं का भिंतीला लावायचं?" वर कानडीत "बेडा" म्हणाले. अप्पांचं नको मराठीत असलं तर वाटाघाटी करता येतात. कानडीतलं नको हे शेवटचं असतं.

मग मी ठरवलं, पावडर मरू दे. खपली गव्हाची खीर, आमच्यात तिला हुग्गी म्हणतात, ती अप्पांच्या जिवाची. गूळ, सुंठ, बडीशेप, खसखस घालून अव्वानं ती शिजवली. मी ती बारीक वाटली, गाळून घेतली आणि चमचाभर डबीत भरून कारखान्यात नेली. माझ्या यंत्रात खाली एक तबकडी असते, वर एक, आणि मध्ये चमचाभर माल. वरची तबकडी फिरते आणि माल तिला किती अडवतो ते आकड्यात कळतं. जात्याचंच शिकलेलं भावंड म्हणा. इंद्रायणी मॅडमनी सांगितलेल्या घट्टपणाशी हे आकडे जुळवायचे, एवढंच काम होतं.

प्रयोगशाळेत गुळाचा वास सुटला तसा क्वालिटीवाला मृत्युंजय येऊन उभा राहिला.

"मॅडम, नवीन शेड का?"

"व्हय. गूळ."

"बाहेरच्या भिंतीला चालंल?"

"मुंग्या येतील."

खीर पहिल्या झटक्यात जुळली. ज्वारीचं आंबील जुळलं, मुगाचं घोटलेलं वरण जुळलं. अप्पा ताटावर बसले, मान जराशी खाली घालून, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे एकेक घास गिळू लागले. चार घास गेले आणि त्यांनी मला निंगप्पा आजोबांनी लग्नात किती हुग्गी खाल्ली होती ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. गिळताना बोलू नका म्हणून मी ओरडले. पण आतून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

ते बरं वाटणं त्या जेवणापुरतंच टिकलं. जेवण झालं, ताट धुऊन झालं, अप्पा देवाला "शरणु" म्हणून मागे टेकले आणि खोकायला लागले. आवाज ओला झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी खोकला नाही, दुपारी जेवण झालं की खोकला, संध्याकाळी जेवण झालं की खोकला.

मी खीर आणखी घट्ट केली. खोकला थांबला नाही. मी ती आणखी घट्ट केली. शेवटी वाटीत चमचा उभा राहायला लागला.

"ह्याच्यावर वीट बसंल," अप्पा म्हणाले. "भुवी, मला जेवायचं हाय. खोली बांधायची न्हाय."

निम्मी वाटी तशीच ठेवायला लागले ते. जो माणूस ताटात शीत टाकत नाही, तो वाटी परत करायला लागला. महिनाअखेर जवळ येत चालली होती आणि माझं यंत्र रोज मला सांगत होतं की सगळं उत्तम आहे. यंत्र खोटं बोलत नाही. मग कोण बोलतंय? घरात माणसं तीन. अप्पा स्वतः उठून पाणी घेऊ शकत नव्हते आणि मी देत नव्हते.

"अव्वा," मी एका संध्याकाळी म्हणाले, "तू त्यांना पाणी देतेस ना? माझ्या मागं?"

अव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"लाडानं देत असशील. एखादा घोट."

"गळ्यातलं लिंग हातात घिऊन सांगते," अव्वा म्हणाली, "एक थेंब प्यायला दिला न्हाय. नवरा माजा हाय. मला कळत न्हाय व्हय? तुज्या त्या मशिनीला इचार काय चुकलं ते. लई शानी झालीस." आणि तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की ती फुगायचीच विसरली. दोन दिवस अव्वा माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होती.

रविवारी मी ठरवलं, आता समोर बसून बघायचं. डोळ्याची पापणी लवू द्यायची नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. माझ्या ताटात भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. अप्पांच्या ताटात खीर आणि वरण, खीर मी पहिल्या दिवशीच्या मापाची परत केली होती. मी त्यांचा एकेक घास मोजल्यासारखा बघितला. मान खाली, घास आत, कंठ वर, कंठ खाली. खोकला नाही. पुन्हा घास. खोकला नाही. वरण संपलं, खीर संपली, आवाज कोरडा, खणखणीत. मी मनातल्या मनात विजयी झाले.

अव्वानं तांब्या उचलला. अप्पांच्या ताटात पाणी ओतलं, माझ्या ताटात ओतलं, स्वतःच्या ताटात ओतलं. आमच्यात जेवण म्हणजे प्रसाद, त्याचा कण मोरीत जायचा नाही. म्हणून जेवण झालं की ताटात पाणी घ्यायचं, बोटांनी ताट स्वच्छ धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. हल्ली बऱ्याच घरांत हे सुटलंय, आमच्या घरात अप्पांनी सुटू दिलेलं नाही. मी शाळेच्या सहलीतसुद्धा डब्याचं झाकण धुऊन प्यायले आहे आणि मैत्रिणींचं हसू झेललं आहे. तर मी बोट फिरवलं, ताट उचलून तोंडाला लावलं आणि ताटाच्या कडेवरून मला अप्पा दिसले. त्यांचंही ताट तोंडाला लागलेलं होतं.

माझा घोट तोंडातच राहिला.

अप्पांनी ताट खाली ठेवलं, "शरणु" म्हणाले आणि खोकायला लागले.

"अव्वा! पाणी!" मी कसाबसा घोट गिळून ओरडले.

"आणते की, दम धर."

"आणू नको! ताटातलं पाणी! रोज देतेस ते!"

अव्वा तांब्या हातात धरून उभी राहिली. "त्ये कुटं पाणी हाय?" ती अगदी मनापासून म्हणाली. "त्ये ताट धुतल्यालं."

तिचं तरी काय चुकलं होतं? मीसुद्धा रोज संध्याकाळी त्यांच्या समोर बसून ते बघत होते. बघत काय, स्वतः पीत होते. आमच्या घरात प्यायचं पाणी तांब्यातलं. ताटातलं ते पाणी नव्हेच, तो जेवणाचा शेवटचा घास. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खरं, आणि माझा कळसा तर तोंडाला लावलेला होता. मी अव्वाची माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही, आधी माझं ताट पुढे सरकवून म्हणाली, "तुजं ऱ्हायलंय, पी."

मला वाटलं प्रश्न सुटला. ताट धुऊन प्यायचं बंद करायचं, झालं. अप्पांना खोकल्यातून उसंत मिळाली तशी मी त्यांना तसं सांगितलं.

"बेडा," अप्पा म्हणाले.

"अप्पा, थोडे दिवस."

"नळी घाला. पर ताट धुतल्याबिगर मी उटणार न्हाय."

"मी पिते तुमचं," अव्वा म्हणाली.

"माज्या ताटातला परसाद माजा." मग ते हळू आवाजात बोलले. "बहात्तर सालचा दुष्काळ. रेशनची लाल ज्वारी मिळायची. माजे अप्पा आमाला, आमी एवढाले, सांगायचे, ताट धुऊन प्या, आखरीचा दाणा त्यात असतो, त्योच पोट भरतो. आमाला वाटायचं, खरंच भरतंय. पुढं दुकानात पोत्यानं धान्य आलं, पर सांडलेला दाणा मी बोटानं उचलला. आता म्हातारपणी परसाद मोरीत सोडू व्हय? तुला कळंना का, भुवी?"

कळत होतं. म्हणूनच मी पुढे वाद घातला नाही. मी फक्त विचार केला की ताट धुवायला हवं, पाणी प्यायला हवं आणि रिक्षा घुसायला नको. म्हणजे ताट धुवायचं पाणीच घट्ट हवं. पावडर चालणार नव्हती, म्हणून मी आंबील मापात राहून जरा पातळसर केलं आणि अप्पांच्या ताटात ओतलं. त्यांनी मोठ्या मनानं बोटं फिरवली, आंबील प्यायले, खोकले नाहीत. मग त्यांनी ताट उभं धरून मला दाखवलं. सगळीकडे पांढरा पिठाचा हात फिरलेला.

"आता ह्ये कोन धुणार?" ते म्हणाले. "ह्ये धुवायला आनिक आंबील, त्ये धुवायला आनिक. दिवाळीपर्यंत उटतो मी ताटावरनं."

बरोबर होतं त्यांचं. ताट निघालंच पाहिजे, नुसतं ओलं होऊन भागणार नाही. मला असं काहीतरी हवं होतं जे बोटाखाली पळेल, ताटावर काही मागे ठेवणार नाही आणि घशापाशी मात्र सबुरीनं येईल. बोटाखाली पळेल आणि हात थांबला की थांबेल. सोमवारी कारखान्यात रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून बघत असताना मला एकदम हसू फुटलं. आयुष्यभर मी हेच तर करत आले होते.

रंगात आम्ही त्यासाठी जो डिंक घालतो तो काही पोटात जाणारा नाही. पण मला अप्पांचं दुकान आठवलं. मी लहान असताना एकदा छप्पर गळून जवसाचं पोतं भिजलं होतं. जवस भिजलं की त्याला बुळबुळीत, काचेसारखा स्वच्छ चीक सुटतो. त्या दिवशी दुकानाची फरशी अशी निसरडी झाली की अप्पा गिऱ्हाइकाला नमस्कार करायला पुढे झाले आणि नमस्काराच्या मुद्रेतच थेट त्याच्या पायांशी जाऊन पोचले. ते गिऱ्हाईक पुढे कायमचं आमचं झालं.

मी जवस पाण्यात उकळलं, ते पाणी गाळलं, आटवलं. यंत्रावर ठेवलं. तबकडी जोरात फिरवली की ते पळायचं, सावकाश केली की जड व्हायचं. एकदा फार पातळ झालं, एकदा फार आटलं, मग जमलं. मृत्युंजयनं विचारलं, "ही कुठली शेड?" मी म्हणाले, "बिनरंगी." तो विचारात पडला.

घरी आणलं तसं अप्पांनी ते आधी दोन बोटांत धरून बघितलं. बोटं लांब केली तर बारीक तार निघाली. त्यांनी वास घेतला. "जवस हाय," ते म्हणाले. "औंदाचं. चांगलं हाय. काय घातलंस आनिक?"

"काही नाही. जवस आणि पाणी."

"म्हंजे पाणीच म्हणायचं की."

"पाणीच. जरा शहाणं झालेलं."

पण मी ते त्यांना प्यायला दिलं नाही. मी मोजून दिलेलं एकदा तोंडावर पडलेलं होतं. इंद्रायणी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, माझ्यासमोर होऊ दे. मग आम्ही तिघं अप्पांचं ताट, खिरीचा डबा आणि जवसाचं पाणी पिशवीत घालून सात रस्त्याला गेलो. मॅडमनी आधी ते पाणी सिरिंजमधून खाली सोडून बघितलं, किती वेळात किती उतरतं ते पाहिलं आणि मान हलवली. मग क्लिनिकच्या टेबलावर अप्पा जेवले. जेवण झाल्यावर अव्वानं ताटात जवसाचं पाणी ओतलं. अप्पांनी बोटं फिरवली. खिरीचा शेवटचा डाग सुटून आला, ताट आरशासारखं निघालं. मॅडमनी त्यांच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाल्या, "प्या काका. मान खाली. सावकाश."

अप्पा प्यायले. अव्वानं माझा हात धरला. माझ्यावरचा उरलासुरला राग ती विसरली होती.

खोकला आला नाही. आम्ही वाट बघितली, तरी आला नाही.

"आ म्हणा," मॅडम म्हणाल्या.

"आ," अप्पा म्हणाले. कोरडा, खणखणीत, मार्केट यार्डाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"असं ताट धुऊन पिणारं कोणी माझ्याकडे आलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आले असतील, मी विचारलं नसेल. आता विचारत जाईन." त्यांनी हे पाणी रोज ताजं करायचं आणि काही दिवसांनी पुन्हा दाखवायला यायचं, असं बजावून सांगितलं.

महिनाअखेरीला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि छाती साफ आहे, नळी नको, असं सांगितलं. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, "बरोबर कोण, मुलगी का?"

मी मनात म्हटलं, आता आलंच ते वाक्य.

"व्हय," अप्पा म्हणाले. "लोकांच्या पोरी डॉक्टर झाल्या, वकील झाल्या." मग ते थांबले. अप्पा बोलता बोलता थांबतात हे मी प्रथमच बघत होते. "आमची पातळ-घट्ट झाली म्हणून मी ताटावर हाय," ते म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

त्या संध्याकाळी अव्वानं ताजी हुग्गी केली. जेवण झालं. अव्वानं अप्पांच्या ताटात जवसाचं पाणी ओतलं, मग स्वतःच्याही ताटात तेच ओतलं.

"अव्वा, तुला साधं चालतं की."

"त्यांनी एक प्यायचं आन् मी दुसरं?" अव्वा म्हणाली. "जन्मात झालं न्हाय, आता कशाला?" आणि तिनं माझ्याही ताटात ओतलं. आम्ही तिघांनी बोटं फिरवली, तिघांनी ताटं उचलली. ताटाच्या कडेवरून मी बघितलं तर अप्पा कडेवरून माझ्याकडेच बघत होते, भुवया उडवत. मला हसू आवरेना आणि घोट भलत्याच वाटेनं गेला. मी खोक-खोक खोकले, डोळ्यांतून पाणी आलं.

अप्पांनी ताट शांतपणे खाली ठेवलं, "शरणु" म्हणाले आणि त्या कोरड्या, खणखणीत आवाजात अव्वाला म्हणाले, "अगं, हिचं फाटक बिघडलंय. उद्या हिला मॅडमकडं ने."